रात्रीच्या बाजारात काहीही न घेता फिरणाऱ्यांच्या वतीने

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
नगर पथविक्रेता समित्या,
मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे आणि राज्यातली बाकीची शहरं

विषय : संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत बाजारात रिकाम्या हाताने हिंडणाऱ्या नागरिकांची दखल घेणेबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

अर्जाची भाषा विषयाच्या ओळीपुरती पुरे. पुढचं बोलल्यासारखं लिहिते, नाहीतर ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांतच पत्र संपायचं.

२०१४ साली केंद्राने पथविक्रेत्यांचा कायदा केला आणि त्यातून तुमच्या समित्या आल्या. समितीवर कोण असावं तेही कायद्यात आहे. आयुक्त अध्यक्ष. किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. शिवाय वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस, नियोजनवाले, व्यापारी संघटना, रहिवासी संघ, स्वयंसेवी संस्था आणि बँका. म्हणजे विकणारे आहेत, त्यांना उठवणारे आहेत, त्यांच्यामुळे ज्यांची दुकानं झाकली जातात ते आहेत, ज्यांची झोपमोड होते ते आहेत, कर्ज देणारेसुद्धा आहेत. बाजारात येणारी माणसं तेवढी नाहीत. त्यातही आमच्यासारखी, जी येतात, दोन तास हिंडतात, एक कणीस चौघींत खातात आणि घरी जातात, त्यांना तर कुणी हिशेबातच धरत नाही. ते धरावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आम्ही म्हणजे कॉलेजपासूनच्या चौघी. एक परिचारिका, एक बँकेत, एक क्लासमध्ये गणित शिकवते आणि मी लोअर परळला एका ऑफिसात. दोघी डोंबिवलीच्या, एक ठाण्याची, चौथी दादरलाच भाड्याच्या खोलीत. रेल्वेचा पास असतोच, त्यामुळे वाटेत दादरला उतरायला जादा दमडी लागत नाही. मला तर गाडी बदलायला उतरावंच लागतं. शुक्रवारी कामं आटोपली की पश्चिमेला बाहेर पडायचं, डिसिल्व्हा रोड, छबिलदासची गल्ली, रानडे रोड असं पाय नेतील तिकडे जायचं, आणि पाय दुखायला लागले की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकायचं. कार्यक्रम असा काही नाही. आजी याला उंडारणं म्हणायची.

कानातल्यांच्या एका पाटीपुढे आम्ही हटकून थांबतो. थर्माकोलच्या फळीवर जोडीजोडीने टोचलेली झुमकी, बाळ्या, ऑक्सिडाइज्डची मोठमोठी चक्रं. वर छत्रीच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेला चार्जिंगचा दिवा. तळहाताएवढा आरसा, एक कोपरा उडालेला. विकणाऱ्या मावशी आरसा कधी आपल्या हातात देत नाहीत. स्वतःच धरतात, आणि दिव्याकडे असा तिरपा करून धरतात की कान उजळून दिसतो आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं अंधारात राहतात. ही विद्या काचेच्या दुकानातल्या सेल्समनला अजून साधलेली नाही.

आठ वाजता जोडी ऐंशीची असते. ‘लावा ना काहीतरी’ म्हटलं की सत्तर. साडेनऊच्या पुढे मावशी आपणहून म्हणतात, ‘शंभरला दोन घेऊन जा, सामान भरायचंय.’ आम्ही साडेनऊपर्यंत इथेच घुटमळणार हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना ते ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक असतं. तरी दर वेळी घासाघीस पहिल्यापासून होते, तीही अगदी मनापासून. कधी घेतो, कधी नाही. मावशींच्या चेहऱ्यावर राग मी पाहिलेला नाही. एकदा त्यांनीच सांगितलं की पाटीपुढे चार पोरी वाकून उभ्या दिसल्या की पाचवी थांबते, आणि पाचवी घेते. रिकाम्या पाटीकडे कुणी वळत नाही. आमचं फुकट उभं राहणं त्यांच्या धंद्याला असं उपयोगी पडतं, याचा मला थोडा अभिमान आहे.

पुढे गाळण्या, डबे, रांगोळीचे छाप, मोज्यांचे ढीग, गजरे, नायट्यांची रांग. क्लिपांच्या पाटीपाशी बँकवालीची पावलं जड होतात. गणितवाली फक्त भाव विचारते, घेत नाही. तिला भावांतच रस आहे, कुठल्या गल्लीत तीच चाळणी कितीला हे तिला तोंडपाठ असतं. चौघींत मिळून एक प्लेट शेवपुरी. शेवटची पुरी कुणाची यावर वाद. परिचारिकेची रात्रपाळी असेल तर ती हे सगळं अर्ध्यात सोडून पळते आणि मग तासाभराने वॉर्डातून मेसेज करते : ‘काय घेतलं?’ उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’.

याला पर्याय काय आहे ते सांगते. सिनेमाला जावं तर तिकिटाइतकेच पैसे पॉपकॉर्नला. कॅफेत बसावं तर चौघींच्या चार कॉफ्यांत महिन्याभराचा भाजीचा खर्च निघेल, आणि तासाभराने पोऱ्या येऊन ‘आणखी काही?’ विचारून उठायची वेळ झाल्याचं सुचवतो. बागा संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होतात. घरी जमावं म्हटलं तर घर केवढं, आणि त्यात कुणाची सासू, कुणाच्या दहावीतल्या भावाचा अभ्यास. या शहरात बसायला जागा हवी असेल तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. बाजारात मात्र उभं राहायला पैसे पडत नाहीत. बघायला पडत नाहीत, हात लावून पाहायला पडत नाहीत, आणि हसायला तर नाहीतच.

आता एक गोष्ट सांगते जी समितीतल्या पुरुष सदस्यांच्या कदाचित लक्षात येणार नाही. रात्री नऊ वाजता चार बायका रस्त्यात नुसत्या उभ्या राहिल्या तर लोक वळून बघतात. गाडी हळू करून कुणीतरी काच खाली करतो. त्याच चार बायका त्याच वेळी बाजारात उभ्या असतील, हातात कापडी पिशवी असेल, तर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरीही तसंच. ‘मैत्रिणींबरोबर भटकत होते’ म्हटलं की कपाळाला आठी पडते. ‘दादरला बाजारात गेले होते’ म्हटलं की विचारतात, ‘मग आल्याची पेस्ट आणलीस का?’ पिशवी हा आमचा परवाना आहे. म्हणून मी ती रिकामी असली तरी उघडून खांद्याला लावते.

आणि उजेड. दुकानांची शटरं साडेनऊ-दहाला खाली आली की पाट्यांचाच उजेड उरतो. कणीसवाल्याचा निखारा, मोबाइलच्या कव्हरवाल्याची पांढरी ट्यूब, मावशींचा चार्जिंगचा दिवा. पालिकेचे दिवे उंचावर असतात, ते रस्त्यासाठी. फुटपाथवर पाऊल कुठे पडतंय ते या पाट्यांच्या दिव्यांत दिसतं. शिवाय तिथे माणसं असतात जी रोज त्याच जागी बसतात आणि कोण मागे मागे येतंय ते त्यांना आपल्या आधी कळतं. ‘ताई, इकडून जा,’ असं कणीसवाला एकदा आम्हाला म्हणाला. का ते विचारलं नाही. गेलो.

सगळा बाजार एका फटक्यात उठला की हे सगळंही एका फटक्यात जातं. पालिकेची गाडी दिसली की ‘गाडी आली’ अशी आरोळी गल्लीच्या टोकाहून येते, चादरीची चार टोकं एकत्र होतात, गाठोडं डोक्यावर जातं आणि मिनिटभरापूर्वी जिथे रस्ता माणसांनी भरलेला होता तिथे फक्त खोक्यांचे पुठ्ठे राहतात. कारवाई योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालत नाही. मला एवढंच म्हणायचंय की त्या मिनिटानंतर स्टेशनपर्यंत जाणारी मुलगी कुठल्या रस्त्याने जाते, हे कारवाईच्या अहवालात कुठेच येत नाही.

कायद्याकडे परत येते, कारण तो तुमच्यापेक्षा उदार आहे. (रागावू नका, तो खरंच उदार आहे.) त्यात नैसर्गिक बाजार म्हणून एक कल्पना आहे : विकणारे आणि घेणारे परंपरेने जिथे एकत्र जमत आले आहेत ती जागा, समितीने तशी शिफारस केलेली. घेणारे त्या व्याख्येत आहेत, जमणंही आहे. सर्वेक्षणात जो बाजार नैसर्गिक म्हणून नोंदला जाईल तो ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. ५० वर्षांहून जुना असेल तर तो वारसा बाजार ठरतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : एकच जागा वेळ वाटून देण्याची सोय. ज्याला जागा ठरावीक वेळेपुरती मिळाली आहे त्याने वेळ संपली की रोज माल उचलून न्यायचा, असं कलमच आहे. म्हणजे सकाळी पादचाऱ्यांचा रस्ता, दुपारी गाड्यांचा आणि रात्री बाजाराचा, हे बेकायदा स्वप्न नाही, कायद्याला अभिप्रेत असलेली गोष्ट आहे. मग आपल्याकडे चर्चा कायम जागेचीच का होते? कुठला रस्ता फेरीवाल्यांचा, कुठला नाही, एवढंच. कुठला रस्ता कितीपासून कितीपर्यंत, यावर वाद घालून बघा. अर्धी भांडणं तिथेच विरतील असं मला वाटतं.

वेळ वाटून घेणारी गावं आहेत. इंदूरचा सराफा घ्या. होळकरांचं गाव, म्हणून निम्म्या महाराष्ट्राचे नातेवाईक तिथे आहेत आणि निम्म्या महाराष्ट्राने तिथे खाल्लेलं आहे. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर जिलब्या, गराडू, भुट्ट्याचा कीस, जोशींचा दहीवडा. मध्यरात्र उलटेपर्यंत. सराफ आणि खाद्यवाले यांच्यात गॅस सिलिंडरवरून, गर्दीवरून कुरबुरी आहेतच, त्या खोट्या नाहीत. अहमदाबादच्या माणेक चौकात तर एकाच जागी तीन पाळ्या : सकाळी एक बाजार, दुपारी सराफा, रात्री खाणं. आणि इतक्या लांब कशाला, रमजानच्या महिन्यात मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीच्या गल्लीत जाऊन बघा. आम्ही दर वर्षी जातो. मालपुव्याची कढई, मातीच्या वाटीतली फिरनी, चपला, अत्तर, मुलांचे कुर्ते, आणि सहेरीपर्यंत हलत राहणारी गर्दी. तिथे चौघींनी एकच मालपुवा घ्यायचा असतो, कारण त्यावर मलई घातली की दुसरा पोटात जात नाही. कुणी महोत्सव भरवलेला नसतो तिथे. ना मंच, ना पास.

महोत्सवाची मला खरंच धास्ती आहे. ‘रात्रीचा बाजार’ असं तुमच्या बैठकीत कुणी म्हटलं की पुढचं मला डोळ्यांसमोर दिसतं : मैदानाला पत्रे, कमान, पन्नास रुपये प्रवेश, फूड ट्रक, एक हातमागाचा कोपरा, मोठ्या आवाजात गाणं आणि नावात कुठेतरी ‘फेस्ट’. गोव्यात हडफड्याला शनिवारी रात्री जो बाजार भरतो तो बघण्यासारखा आहे, पण तो सुट्टीवर आलेल्यांसाठी आहे. तिथल्या भावात आमच्या शुक्रवारांचा अख्खा महिना जाईल. आम्हाला नवं काही बांधून नको. जे आहे ते अकरापर्यंत राहू द्या, इतकंच.

राज्याने रात्रीचा विचार केलेलाच नाही असं नाही. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने चोवीस तासांची वाट मोकळी झाली. २०२० च्या जानेवारीअखेर मुंबईत मॉल आणि गिरण्यांच्या आवारातल्या हॉटेलांना रात्रभर उघडं राहण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केलं की दारूची ठिकाणं सोडून बाकी आस्थापना चोवीस तास चालवता येतील. चांगलं झालं. पण बघा, रात्र ज्याला मिळाली त्याच्याकडे शटर आहे. ज्याच्याकडे पाटी आहे त्याची रात्र गाडी कधी येते त्यावर. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही, नुसते दोन पाय आहेत, त्याचं नाव या सगळ्या परिपत्रकांत कुठे शोधायचं?

तुमच्या बाजूचं मला दिसत नाही असं समजू नका. मी रोज दोन वेळा दादरच्या पुलावरून जाते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, आणि ज्या लोकांनी तो पूल रोज वापरला आहे त्यांना गर्दी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाले नकोत असं ठरवलं, शाळा, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर. पुलावर आणि पुलाच्या पायथ्याशी मलाही पाटी नको. तिथे मी ग्राहक नसते, घाम पुसत गाडी पकडणारी असते. तो पूल अरुंद होता हे खरं, पण अरुंद जागी आणखी अडथळा नको हेही तितकंच खरं. १५० मीटर जरूर मोकळे ठेवा. त्याच्या पुढचं काय, हा माझा प्रश्न आहे.

आवाजाचंही तसंच. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, ती पाळलीच पाहिजे. हल्ली काही पाट्यांवर रेकॉर्ड केलेली आरोळी लावून ठेवतात : ‘कोई भी लो, सौ रुपया, कोई भी लो, सौ रुपया.’ विकणारा तोंड मिटून मोबाइल बघत असतो आणि डबा ओरडत असतो. दहा काय, तो डबा सकाळी दहालाही बंद करा, मी सही देते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांची बाजू मी शंभर टक्के घेईन. माझी मैत्रीण त्याच गल्लीत राहते, रात्रपाळीहून आल्यावर तिलाही झोपायचं असतं. पण माणसांच्या बोलण्याचा आवाज आणि डब्याचा आवाज यांत फरक करा. आणि कचरा. बाजार उठल्यावर पडलेले पुठ्ठे आणि पिशव्या उचलणाऱ्या सफाई कामगारांची पाळी कुणी विचारात घेतलीय का? अकरापर्यंत बाजार म्हणजे त्यांचं काम साडेअकराला सुरू. त्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाका, कायद्यात ती तशी आहेच, आपापली जागा स्वच्छ ठेवण्याची. जो ठेवणार नाही त्याला आठवडाभर बसू देऊ नका. आम्ही दुसऱ्या पाटीवर जाऊ.

आता मागणी. मागण्यांची यादी मोठी केली की सगळ्याच फेटाळल्या जातात हा अनुभव सार्वत्रिक आहे, म्हणून मोजकंच मागते.

दहा वाजता एकदम उठवण्याऐवजी टप्प्याने उठवा. स्टेशनच्या जवळचे आधी, आतल्या गल्लीतले शेवटी, म्हणजे लोकांच्या जाण्याच्या वाटेवर काही दिवे शेवटपर्यंत राहतील.

बायकांची स्वच्छतागृहं बाजार चालू असेपर्यंत उघडी ठेवा. मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणून बायकांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली, ती उगाच नाही. आम्ही चौघी उसाचा रस टाळतो तो घसा खराब होईल म्हणून नव्हे. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर काय, या हिशेबाने टाळतो. रसवाल्याचं त्यात नुकसान आहे, तेही मोजा. समितीतल्या बँकवाल्या सदस्यांना हा मुद्दा आवडावा.

आणि तिसरं, ज्यावर मी जरा रेंगाळणार आहे. नवा बाजार हवाच असेल तर रोजचा एका जागी नको, वारांचा करा. मलेशियात पासार मालाम म्हणून रात्रीचे बाजार भरतात, आज एका वस्तीत, उद्या दुसऱ्या. क्वालालंपूरच्या चेरास भागातला बुधवारचा बाजार तर एका लांबलचक रस्त्यावर भरतो. संध्याकाळी रस्ता बंद, रात्री पुन्हा मोकळा. आठवड्यातून एक रात्र कुठल्याही गल्लीला सहन होते, सात होत नाहीत. आणि हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. नागपूरला सक्करदऱ्याचा बुधवार बाजार आहे, पुण्याला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, गावोगावी वारांचे बाजार आहेत. २०१६ पासून राज्याने शेतकऱ्यांचे आठवडी बाजार शहरांत आणले, त्यांची गाडी सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहते तेव्हा कुणी तक्रार करत नाही. तोच मांडव रात्री, भाजीऐवजी कानातली आणि डबे, असा विचार करायला काय हरकत आहे? उन्हाळ्यात विदर्भात दुपारी चारला घराबाहेर पाय टाकवत नाही. तिथे तर बाजाराची खरी वेळ सूर्य बुडाल्यावरच सुरू होते.

रस्ता माणसांना देण्याची आपल्याला अगदीच सवय नाही असं नाही. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली. वर्षातून एक दिवस, ठीक आहे, सुरुवात आहे. आणि आमच्या डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुण गर्दी लोटते ती तिथे काही घ्यायला येत नाही. नवे कपडे घालून एकमेकांना बघायला येते. त्यावर कुणी ‘हे लोक काही खरेदी करत नाहीत, यांना हटवा’ असं म्हटल्याचं ऐकलं नाही. उलट गावाला त्याचं कौतुक आहे. मग तेच लोक नोव्हेंबरातल्या साध्या शुक्रवारी रात्री, जुन्या कपड्यांत, बाजारात उभे राहिले तर त्यांचं ओझं का वाटावं?

‘पण तुम्ही काही घेत नाही, मग बाजाराला तुमचा उपयोग काय,’ असं तुमच्यातले व्यापारी प्रतिनिधी विचारतील. त्यांना माझं सांगणं आहे की चौघींच्या घरातली निम्मी गोधडी-चादरी, सगळ्या गाळण्या, भाचरांचे वाढदिवसाचे कपडे आणि दिवाळीचा कंदील (तो मात्र माहीमच्या कंदील गल्लीतून) हे सगळं अशाच हिंडण्यातून आलेलं आहे. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात. भाव माहीत असतात, माल पाहिलेला असतो, विकणारा ओळखीचा असतो. मोबाइलवर दहा मिनिटांत घरपोच मिळणाऱ्या जमान्यात लोकांना रस्त्यावर आणणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे हिंडण्यातली मजा. ती तुम्ही अनधिकृत ठरवलीत तर पाटीवाल्याच्या आधी शटरवाला बसेल.

समितीत जागा मागावी का, यावर आमच्यात मतभेद झाले. बँकवाली म्हणाली मागावी, स्वयंसेवी संस्थांना ज्या १० टक्के जागा आहेत त्यातून. गणितवाली म्हणाली, बैठक दुपारी तीनला असणार, रजा कोण घेणार. तिचं पटलं. म्हणून जागा मागत नाही. एक रकाना मागते.

दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं असं कायदा सांगतो. पुढच्या वेळी तुमची माणसं पाट्या मोजायला निघाली की त्यांना सकाळी अकराला पाठवू नका, तेव्हा तिथे फक्त फुलांचा पाला असतो. रात्री पावणेनऊला पाठवा, आणि तक्त्यात पाटीच्या नंबरापुढे एक रकाना वाढवा : समोर उभी असलेली माणसं, काही घेतलेलं असो वा नसो. नाव, पत्ता, आधार काही नको, डोकी मोजली तरी पुरे. बाया किती तेवढं वेगळं लिहा. शुक्रवारी आलात तर कानातल्यांच्या पाटीपाशी चार मिळतील. गणितवाली तुमच्या माणसाला बेरीज तपासून देईल, आणि त्याने कणीस घेतलंच तर लिंबू जास्त लावून मागायला सांगा.

कळावे,

आपली,
डोंबिवलीची एक प्रवासी, दादरची अधूनमधून ग्राहक